टिकाऊच पाहिजे

२ नोव्हेंबर २०२५, रविवार

राजानंद आज माझ्याशी खोटं बोलला.

एवढंच लिहून वही मिटणार होते. पण अर्धवट लिहिलं की दुसऱ्या दिवशी ते आहे त्याहून मोठं वाटतं, हा माझा अनुभव आहे. तेव्हा जसं झालं तसं लिहिते.

लॅपटॉप बघायला जालन्याला गेलो होतो. घरातला जुना बिजागरीपाशी मोडलाय. भिंतीला टेकवला तरच झाकण उभं राहतं, आणि मधेच डोळे मिटतो. माझे शाळेचे निकाल, लाइट बिल, फॉर्म, लेक अक्षता सुट्टीला आली की तिचं कॉलेजचं काम — सगळं त्या एकावर. बदनापूरहून बसनं निघालो. (मोटरसायकल अंगणात झाकून ठेवलीय. दिवाळीपासून काढलीच नाही. पेट्रोल म्हणे!) बसमध्ये मी विचारलं, "कोणतं दुकान बघायचं?" म्हणाला, "श्रेणिक म्हणून एकाचं हाय. मी कधी गेलो न्हाई. लोक चांगलं म्हणतात."

मी कधी गेलो न्हाई. हे शब्द जसेच्या तसे.

दुकानात शिरलो. श्रेणिक तिशीतला, गोरा, बोलायला गोड. गल्ल्यावर त्याचे वडील भागचंदजी बसलेले. "या मॅडम, बसा," म्हणून श्रेणिकनं बाहेर चहावाल्याला हाक दिली — "तीन भेज रे. एक बिनसाखरेचा!"

आम्ही कुणी एक शब्द बोललो नव्हतो!

बिनसाखरेचा राजानंद पितो. चहा आला तेव्हा श्रेणिकनं तो कप न विचारता त्याच्याच हातात दिला. टेबलावर ठेवला नाही. राजानंदची बोटं कपाच्या कानाला लागेपर्यंत धरून राहिला, मग सोडला. एवढी सरबराई पहिल्यांदा आलेल्या गिऱ्हाइकाची?

मी राजानंदकडे बघितलं. तो कीबोर्ड बघत होता.

काही घेतलं नाही. मीच म्हणाले, विचार करून सांगतो.

३ नोव्हेंबर, सोमवार

आठवीला आज इतिहासाची साधनं. लिखित, भौतिक, मौखिक. मुलांना सांगितलं — एका पुराव्यावर निष्कर्ष काढायचा नसतो. सांगताना मलाच लागलं.

सकाळी पोहे खाताना सरळ विचारलं, "अहो, त्या श्रेणिकला कसं कळलं हो, तुम्ही बिनसाखरेचा पिता ते?"

"तोंडावर दिसत असंल, शुगर हाय म्हणून."

"तुम्हाला शुगर नाही."

"मंग बायको गोड हाय ते दिसलं असंल."

मी हसले. हसल्यावर राग आला, त्याचा नाही, माझा. उत्तर मिळालं नाही आणि मी हसून मोकळी! लग्नाला एकवीस वर्षं झाली. आजवर त्यानं मला फसवलेलं नाही. भांडलाय, रुसलाय, मला न सांगता भावाला मदत केलीय, पण ते त्याच दिवशी येऊन सांगितलंय. मला घरात तेवढंच लागतं. बाकी सगळं चालवून घेते.

(वहीत मी त्याला एकेरीत लिहिते. तोंडानं अहो-जाहो. सासूबाई होत्या तोवर ठीक होतं, आता कुणासाठी? पण जीभ वळत नाही.)

५ नोव्हेंबर, बुधवार

पौर्णिमेची सुट्टी. राजानंद म्हणाला, "पेपर तूच वाच मोठ्यानं, मला ऐकायला बरं वाटतं." हल्ली रोजच. लाड की आळस?

८ नोव्हेंबर, शनिवार

आठवडाभर शाळेतून आल्यावर फोनवर लॅपटॉपच वाचतेय. आता मला बरंच कळतं. धातूची बिजागरी असावी. बॅटरी बदलून मिळावी. रॅम पुढे वाढवता यावी, काही कंपन्या ती आतच चिकटवून टाकतात. बिघडला तर माणूस घरी येऊन दुरुस्त करेल अशी वॉरंटी असावी. नाहीतर खोका घेऊन संभाजीनगरला पळा. सगळं फुलस्केपवर काढून राजानंदला दाखवलं. त्यानं कागद हातात घेतला, बघितल्यासारखं केलं आणि परत दिला.

"तू म्हणतीस ते बराबर हाय. पण मला कळा टिकल्या पाह्यजेत."

"कसल्या कळा?"

"कीबोर्डाच्या. चांगल्या खोल दबणाऱ्या. आणि जागच्या जागी."

लॅपटॉप टिकाऊ पाहिजे हे त्याचं दिवाळीनंतरचं पालुपद आहे. टिकाऊच घेऊ. एकदाच घेऊ. परत बदलायला नको. आमच्या घरात फ्रिज बदलला, गादी बदलली, तेव्हा हा माणूस मान वर करून बघत नव्हता! लॅपटॉपवर तर तो कधी बसतही नाही. जालन्याच्या सीड कंपनीत दिवसभर हिशेबाच्या कॉम्प्युटरपुढे असतो, घरी आल्यावर म्हणायचा, "ते भूत दाखवू नको."

संध्याकाळी अक्षताचा फोन. "मम्मी, पातळ घे, हलका घे. पप्पांचा तो घेऊ नको, नुसती वीट आहे ती!"

"पप्पांचा कोणता?"

"फोटो पाठवलेला की मला. वसुबारसेला बघ. मी तेव्हाच म्हणलं, पप्पा, हा कुणी घेतं का आता?"

वसुबारसेला आमच्या घरात लॅपटॉपचा विषयसुद्धा नव्हता. जुना तेव्हा धड होता!

दोन पुरावे झाले.

मुलीला पुढं काही विचारलं नाही. तिची परीक्षा तोंडावर आहे. आणि बापाबद्दल मुलीकडून काढून घेणं मला जमणार नाही. एवढी पडलेली नाही अजून.

९ नोव्हेंबर, रविवार

घेतला. वीटच घेतली.

आधी श्रेणिकनं मला चार पातळ दाखवले. दिसायला छान, एका हातात उचलावेत असे. राजानंदनं प्रत्येकाच्या दोनच कळा नखानं खरवडून बघितल्या, एफ आणि जे. "हे घासून जाईल," म्हणाला. मला वाटलं रंगाचं बोलतोय. मग विचारलं, चालू करायचं बटण कळांच्यात आहे की वेगळं? आवाज दोन्हीकडून येतो की एकाच बाजूनं? श्रेणिक नुसता मान हलवत होता. गिऱ्हाइकाला पटवायचं असतं तो माणूस बोलतो. हा तर ऐकत होता. जणू परीक्षा आधीच घेऊन झालीय आणि आज फक्त निकाल लावायचाय.

मग आतून तो जाडा काढला. काळा, कोपरे चौकोनी, ऑफिसात असतो तसला.

आणि इथं एक प्रकार झाला. राजानंदनं खिशातून रुमाल काढला, निळ्या काठाचा, झटकला आणि कीबोर्डवर पसरला. हात रुमालाखाली घातले. डोळे मिटले! बोटं चालत होती. गल्ल्यावरून भागचंदजी बघत होते, मी बघत होते, दुकानात आलेला एक शेतकरी बघत होता. मला भुईत जावंसं वाटलं.

"अहो, काय करताय?"

"बघून राह्यलो, कळा कशा हायत ते."

"डोळे मिटून?"

"गर्दीत नीट समजंना."

श्रेणिकनं तोंड फिरवलं. हसू लपवायला? मला तसं दिसलं नाही. पण मी स्वतःवर भरवसा ठेवावा का?

मीही मग सोडलं नाही. म्हटलं, खोका माझ्यासमोर फोडा. हा वापरलेला असेल तर? जुना माल गळ्यात मारताय का? भागचंदजी म्हणाले, "ताई, तुम्ही बिलकुल बराबर बोलताय. समोरच फोडणार. नंबर टिपून घ्या." फोडला. प्लॅस्टिक नवं, वास नवा. मी नंबरचा फोटो काढला. आम्ही निघताना श्रेणिक राजानंदला हळूच म्हणाला, "काका, ते घालून दिलंय. अडलं तर फोन करा."

काय घालून दिलंय? विचारलं तर म्हणे, "अँटिव्हायरस."

श्रेणिकनं त्याला दुकानाच्या पायऱ्या उतरताना कोपराला धरलं होतं. नुसता माल खपवणारा माणूस कोपर धरतो का? मला काहीच जुळवता येत नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

नंबर कंपनीच्या साइटवर घातला. वॉरंटी परवापासूनच सुरू. माल नवा. किंमत दोन ठिकाणी ताडून बघितली, रास्त आहे. बिजागरी धातूची. रॅमला जागा. घरी येऊन दुरुस्ती.

म्हणजे दुकानानं काहीच फसवलेलं नाही. मग खोटं कशासाठी? काही सापडत नाही म्हणून जास्तच भीती वाटतेय. माल खरा आहे, तर खोटा माणूस असणार, असं मन धावतं. आणि हे तर्कात बसत नाही हेही कळतं!

१३ नोव्हेंबर, गुरुवार

लॅपटॉपला पासवर्ड टाकलाय त्यानं. विचारला तर लगेच सांगितला. माझीच जन्मतारीख. यावर संशय घ्यायचा की विरघळायचं?

१६ नोव्हेंबर, रविवार



सकाळी विहारात वंदनेला निघाले. राजानंद यायचा सोबत, हल्ली टाळतोय. "तू जा. मी पडतो जरा." कोपऱ्यापर्यंत गेले आणि आठवलं, मेणबत्त्या ओट्यावरच राहिल्या. परत आले. दार लोटलेलं होतं. आतल्या खोलीचं दार बंद.

आत बाई बोलत होती.

भराभर. तरुण आवाज. शब्द स्पष्ट, पण वाक्य असं नाही. "होय… नाही… नाही… रद्द करा…" मग जरा थांबून, "पुन्हा प्रयत्न करा."

आणि राजानंद! मऊ आवाजात — असा आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नाही — "हळू बोल ना बाई. जरा हळू. मला समजू तर दे."

मी ओट्यावरचा चमचा पाडला. मुद्दाम की हातून पडला, सांगता येणार नाही. आवाज तटकन थांबला. राजानंद बाहेर आला, दाराच्या चौकटीला खांदा आपटला, "तू व्हय?" म्हणाला. कपाळाला घाम.

मी मेणबत्त्या घेऊन गेले. वंदनेला हात जोडले आणि पूर्ण वेळ "रद्द करा" ऐकत राहिले. काय रद्द करा? कुणाला?

१७ नोव्हेंबर, सोमवार

स्टाफरूममध्ये सत्यशीलाला नाव न घेता सांगितलं, एका ओळखीच्या बाईचं आहे म्हणून. ती वही तपासत होती, मान वर न करता म्हणाली, "त्या ओळखीच्या बाईला सांग, पुरुष पंचेचाळिशीत दार लावून कॉम्प्युटरपुढं बसायला लागला ना, की तो गणितं सोडवत नसतो." मग माझ्याकडे बघितलं आणि पेन खाली ठेवलं. तिला कळलं. मलाही कळलं तिला कळलंय ते.

तो अंघोळीला गेला तेव्हा त्याचा फोन बघितला. कधी केलं नव्हतं. बाईचं एकही नाव नाही. श्रेणिकचे मात्र फोन भरपूर, अगदी ऑक्टोबरपासून. फोन जागेवर ठेवताना स्वतःची किळस आली, आणि तरी परत एकदा उचलून बघितला.

अक्षता तिच्या वाटेला लागेल. मला नोकरी आहे. सकाळी उठून कुणाचा डबा करायचा नाही, पेपर मोठ्यानं वाचायचा नाही. आज वर्गात फळ्याकडे तोंड करून उभी असताना अगदी थंडपणे वाटलं — असेल कुणी तर जाऊ दे त्याला. त्याच्यावाचून माझं काहीही अडणार नाही. वीट त्याला, घर मला.

वाटलं ते वाटलं. खोडत नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

जेवताना पाण्याचा तांब्या त्याच्या कोपरानं पडला. तांब्या शेजारीच होता. कुठं असतं ह्याचं लक्ष!

२३ नोव्हेंबर, रविवार

आज मी विहारात जायला निघाले आणि गेले नाही. कोपऱ्यावर उभी राहिले, मग परत आले. चपला बाहेर काढल्या. असं कुणी माझ्याशी केलं असतं तर मी त्याला काय म्हटलं असतं! तरी आले.

आत तीच बाई. मी दार ढकललं.

खोलीत बाई नव्हती. राजानंद टेबलाशी. लॅपटॉप उघडा, पडदा पूर्ण काळा. हातांवर निळ्या काठाचा रुमाल. तो बोट दाबायचा आणि ती बोलायची. "के. ए. एम. चुकले. मागे."

मी त्याच्या डाव्या अंगाला उभी होते. हात लांबवला असता तर खांद्याला लागला असता. खिडकीतून भरपूर ऊन येत होतं. त्यानं बघितलं नाही. मी इतकी जवळ, आणि त्याच्यासाठी मी तिथं नव्हतेच.

मग मला एकदम सगळं दिसलं. तांब्या. चौकट. मोटरसायकल. फुलस्केपचा कागद. हातात दिलेला कप.

मी पुढं वाकले आणि रुमालावरूनच एक कळ दाबली. "जे," बाई म्हणाली.

राजानंद दचकला. मान पूर्ण वळवली, तेव्हा कुठं मी सापडले. मग म्हणाला, "ती सगळ्यांशीच बोलते गं. माझ्या एकट्याशी न्हाई."

मी रडले नाही. खाली बसले.

काचबिंदू आहे. सप्टेंबरमध्ये ऑफिसच्या तपासणीत निघाला. खूप पुढं गेलेला. दोन्ही बाजूंचं गेलंय, समोरचं नळीतून बघावं तसं उरलंय, आणि वाचायला गेलं की ओळ सुटते. "डॉक्टर म्हणले, गेलं ते येत न्हाई. थेंब घालून हाय ते टिकवायचं, पण किती टिकंल सांगता येत न्हाई." ते थेंब मी बघितले होते! धूळ जाते म्हणाला होता, आणि जालन्यात धूळ आहेच, म्हणून मी पुढं विचारलं नाही. चहाचा पुरावा धरून बसले आणि औषधाची बाटली सोडून दिली.

श्रेणिकची आजी लाडबाई. तिची नजर गेल्यावर त्यानं तिला असंच कळ दाबली की बोलणारं, पडद्यावरचं वाचून दाखवणारं यंत्र करून दिलंय. ऑफिसातल्या कुणाकडून कळलं, तेव्हापासून हा दुकानात जातो. चहा पीत पीत शिकतो.

"आणि हा रुमाल?"

"मंठ्याला टायपिंगच्या क्लासात सर हातावर रुमाल टाकायचे. कळांकडं बघितलं की पट्टी. मिनिटाला चाळीस शब्दांची मराठी परीक्षा पास झाल्तो मी. बोटं इसरली न्हाईत, नव्या जागा शिकून राह्यलीत. एफ आन् जे, दोन्हीवर उंचवटा असतो, तिथून घर धरायचं. म्हणून टिकाऊ पाह्यजे होता, सुमेधा. बोटं एकदा शिकली की परत दुसरा नको. दुसऱ्याच्या कळा दुसरीकडं असतात. तवा बघून शिकायला डोळे असतील का न्हाई—"



"मला का नाही सांगितलं?"

"अक्षताची परीक्षा होऊ दे म्हणलं. आन् तुला सांगितलं असतं तर तू लॅपटॉप सोडून मलाच बघत बसली असती. आधी मला येऊ तर दे काहीतरी."

"खोटं बोललात तुम्ही."

"व्हय."

एवढंच. कारण पुढं केलं नाही. मी पडदा उजळायला बटण शोधू लागले, तर म्हणाला, "राहू दे. दिसलं की मी बघतो, मंग बोटं शिकत न्हाईत."

२४ नोव्हेंबर, सोमवार

मी शाळेतून आले तेव्हा म्हणाला, "रोज पेपर वाचतीस. आज तुझी वही वाच. मला एवढ्या वर्षांत कधी वाचावी वाटली न्हाई, आता वाचताच यायची न्हाई तर वाटून राह्यलंय." मी नको म्हणाले. मग वाचली, दोन तारखेपासून. चहाला हसला. "वहीत मी एकेरी व्हय? मंग तोंडानंबी म्हण की!"

सतरा तारखेचं, 'वीट त्याला, घर मला'चं पान आलं. मी ते सोडलं. आवाज बदलू दिला नाही, सरळ वीस तारखेचा तांब्या वाचायला लागले.

"थांब," तो म्हणाला. "दोन पानं उलटलीस तू."

मागे आले. वाचलं.